बाच्या खोलीत सत्तावीस अंश

किरीटभाई वखारियांनी अहमदाबादेत राहून एकतीस वर्षं थंडीत काढली. नारोळच्या बाजूला औषधांचं एक शीतगृह होतं, तिथे ते तापमान-निरीक्षक होते. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता आत जायचं, पारा दोन आणि आठ अंशांच्या मध्ये आहे ना ते बघायचं, नोंदवहीत आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना हा गृहस्थ टिफिनच्या पिशवीत लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घेऊन बसमध्ये चढायचा. कंडक्टर नवा असला की तो आधी स्वेटरकडे आणि मग किरीटभाईंच्या डोळ्यांत बघायचा. पण एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली एकही बाटली नासली नाही. हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीत सांगायचे, बँकेच्या रांगेत सांगायचे, आणि एकदा तर एका शोकसभेत, गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हाही सांगून बसले होते.

अशा माणसाची सख्खी आई स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत उन्हाळ्यानं घेरी येऊन पडावी, ही गोष्ट त्यांना किती लागली असेल ते तुम्हीच ओळखा.

मे महिन्याचा पहिला मंगळवार होता. मणिनगरातल्या शीतलछाया सोसायटीत वखारियांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. त्याच्या डोक्यावर थेट गच्ची, आणि सोसायटीच्या नावातली शीतलता आणि छाया दोन्ही तळमजल्यावरच संपतात. दुपारी तीन वाजता किरीटभाईंच्या पत्नी रंजनबेन झोपेतून उठून सासूला चहाचं विचारायला गेल्या, तर चंचळबा जमिनीवर, कपाटाला टेकून बसलेली. वय ब्याऐंशी. चेहरा लाल, अंग कोरडं आणि तापलेलं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या कुणा मोतीभाईला ती कैऱ्यांचा भाव विचारत होती.

तळमजल्यावर दवाखाना असलेले डॉक्टर ओझा धावत वर आले. ओल्या चादरी, पंखा, मानेखाली गार फडकं असं सगळं झालं. अर्ध्या तासानं बानं डोळे उघडून "एवढी माणसं का जमलीत, जेवायची आहेत का?" असं विचारल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"किरीटभाई, म्हाताऱ्या माणसाचं शरीर तक्रार करत नाही," डॉक्टर म्हणाले. "तहान लागत नाही, घाम सुटत नाही, आणि आत भट्टी पेटलेली असते. आज थोडक्यात भागलं. पुन्हा झालं तर मला हाक मारण्यात वेळ घालवू नका, गाडी बोलवा आणि इस्पितळ गाठा. आणि तरी मी खात्री देणार नाही."

"मग मी करू काय?"

"खोली थंड ठेवा. दर तासाला पाणी पाजा, तहान असो नसो. आणि बारा ते पाच उन्हात सोडू नका."

"बा उन्हात जातेच कुठे? महिनाभर तिनं खाली पाऊल टाकलेलं नाही."

यावर बानं भिंतीकडे तोंड केलं. रंजनबेन म्हणाल्या, "बाच्या पदराला मुंग्या कशा काय लागल्या?" पण त्या घटकेला मुंग्यांकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती.

किरीटभाईंनी त्याच संध्याकाळी निवृत्तीनंतर माळ्यावर टाकलेली आपली कोरी नोंदवही खाली काढली. बाजारातून एक तापमापक आणला. त्याची डबी हॉलच्या भिंतीवर लावायची आणि लांब वायरच्या टोकाची बोटभर नळी बाच्या खोलीत सोडायची, म्हणजे बाची झोप न मोडता बाहेरून आकडा दिसतो. बुधवारी दुपारी तीन वाजता बाच्या खोलीत एक्केचाळीस अंश भरले. नळी काठीला बांधून छताला टेकवली तर अठ्ठेचाळीस. किरीटभाई स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "रंजन, आपण बाला डब्यात घालून भाजतोय."

एसीचा मार्ग बंद होता. दोन वर्षांपूर्वी बाच्या खोलीत एसी बसवला होता, पण कोंडलेली हवा शिळी होते असं बाचं ठाम मत असल्यामुळे ती तो चालू करून दोन्ही खिडक्या उघडायची. महिनाभर वखारिया कुटुंबानं मणिनगर गार केलं आणि मग एसी काढून किरीटभाईंच्या बहिणीला दिला. त्याच बहिणीच्या तळमजल्यावरच्या घरी बाला हलवावं, तर बा म्हणाली, "मुलीच्या घरी मी पाणी पीत नाही, आणि तुझे डॉक्टर मला दर तासाला पाणी प्यायला सांगतात. मग मी तिथे जाऊन मरू का?" बहिणीचं घर तिथेच बाद झालं.

म्हणजे राहिलं छत. छताला वरून पांढरा चुना फासायचा, डिंक घालून, तीन हात. ऊन परत फिरतं, गच्ची तापत नाही, खोली चार-पाच अंशांनी उतरते. किरीटभाईंनी हे वाचलं होतं आणि त्यांच्या मनानं ते घेतलं. एवढंसं तर काम.

एवढ्याशा कामाचा सुगावा सोसायटीला लागायला एक तास लागला, आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला की गच्चीवर शेणाचा हात द्या. तिसऱ्या मजल्यानं ओली पोती सुचवली. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ म्हणाले की बाच्या खिशात कांदा ठेवा. साडीला खिसा नसतो हे सांगितल्यावर त्यांनी दोन कांदे उशाला ठेवायची सवलत दिली. एकांचं म्हणणं असं की खोलीत तापमापक ठेवल्यामुळेच गरम होतं, त्यांच्याकडे तो नाही आणि त्यांना काही त्रास नाही.

पांढऱ्या गच्चीसाठी सरकारी योजना आहे असं कळल्यावरून किरीटभाई कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं तोंडावरचा ओला रुमाल उचलला.

"छप्पर कशाचं?"

"स्लॅब."

"योजना पत्र्यासाठी आहे. स्लॅबला गरम होत नाही."

"होतं साहेब. अठ्ठेचाळीस अंश. मी स्वतः मोजलंय."

"तुमच्या घरात होत असेल. कागदावर होत नाही." कारकुनानं रुमाल परत डोळ्यांवर ठेवला. "आणि उन्हाळ्याचे अर्ज आम्ही हिवाळ्यात घेतो. आता पुराचे चालू आहेत. पूर असेल तर द्या."

किरीटभाईंकडे पूर नव्हता. चुना पदरचा आणायचा ठरवून ते घरी आले, तर दारावर सेक्रेटरी धनसुखभाईंची चिठ्ठी होती. गच्ची सामाईक असल्यामुळे सोळाही घरांची संमती हवी, सबब शनिवारी सभा.

आता इथे गच्चीवर काय होतं ते सांगायला हवं, कारण किरीटभाईंच्या सगळ्या हिशेबात तेवढं एक राहून गेलं होतं. मे महिन्यात शीतलछायाच्या गच्चीवर छुंदा असतो. किसलेली राजापुरी कैरी आणि साखर पातेल्यात कालवायची, तोंडाला मलमल बांधायची आणि पातेलं उन्हात ठेवायचं. छुंद्याला चूल चालत नाही. पंधरा-वीस दिवस उन्हातच साखर वितळते, मुरते आणि तिला तार येते. सोळा घरांपैकी तेरा घरांची पातेली त्या वेळी गच्चीवर होती, त्यांतलं एक बाचं. आणि तेरा घरांत छुंद्याचं मंत्रिमंडळ होतं, त्याच्या प्रमुख पहिल्या मजल्यावरच्या मधुकांताबेन.

"गच्ची थंड केलीत," सभेत मधुकांताबेन म्हणाल्या, "तर छुंदा शिजणार कशावर?"

"ऊन वरून येतं, बेन. गच्ची पांढरी असली काय, काळी असली काय."

"किरीटभाई, तुम्ही एकतीस वर्षं वस्तू गार ठेवल्यात. कधी काही शिजवलंय?"

सभेत हशा पिकला. किरीटभाईंचा चेहरा पडला. पण मग ते उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "माझी आई मंगळवारी वाचली. पुढच्या वेळी वाचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. छुंदा पुढच्या वर्षी पुन्हा होईल." मधुकांताबेननी पहिली सही केली, पण अट घातली. चुना सुकेपर्यंत तीन दिवस गच्ची बंद, तेवढे दिवस तेराही पातेली खाली अंगणातल्या उन्हात राहतील आणि त्यांची जबाबदारी किरीटभाईंची. धनसुखभाईंनी ही अट लगेच इतिवृत्तात घातली. ते कुठलीही गोष्ट इतिवृत्तात घातल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत.

सोमवारी पहाटे भलाजी नावाच्या गवंड्याला घेऊन किरीटभाईंनी चुन्याचा पहिला हात दिला. आठच्या आत काम आटपायचं आणि उन्हात माणूस ठेवायचा नाही असा त्यांचा दंडक होता, आणि भलाजीला तो इतका आवडला की त्यानं साडेसातलाच झाडू खाली ठेवला. मंगळवारपर्यंत तीन हात झाले. गच्ची अशी झळाळली की शेजारच्या इमारतीतले भूपतराय दुपारी काळा चष्मा लावून झोपायला लागले आणि तशी लेखी तक्रार त्यांनी धनसुखभाईंकडे पाठवली.

अंगणातली राखण मात्र सोपी नव्हती. पातेल्यांना ऊन हवं आणि किरीटभाईंना सावली, आणि कडुलिंबाच्या झाडाची सावली काही एका जागी बसत नाही. ती सरकली की किरीटभाईंनी खुर्ची उचलून सावलीमागे जायचं, आणि सावलीत सापडलेली पातेली उचलून उन्हात न्यायची. डोक्यावर ओला पंचा, हातात ताकाचा गडू, अशा थाटात ते दिवसभर अंगणभर फिरत होते. गाय आली, तिला हाकललं. माकड आलं, त्यानं किरीटभाईंनाच हाकललं. ते सगळं निभावलं असतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी लूच्या गरम वाऱ्याचा एक झोत असा आला की प्रत्येक पातेल्याखाली ठेवलेल्या फ्लॅट नंबरच्या चिठ्ठ्या उडून थेट रेल्वे लायनीकडे गेल्या. त्यात माकडानं केलेल्या धावपळीत पातेल्यांचा क्रम केव्हाच मोडला होता. तेरा पातेली, तेराही सारखी, आणि भोवती बारा बायका.

"हे माझं. माझ्या छुंद्याला असाच रंग येतो."

"असा रंग तुमच्या छुंद्याला सात जन्मांत आलेला नाही."

किरीटभाईंना दरदरून घाम फुटला. शीतगृहात दहा हजार बाटल्या होत्या, पण प्रत्येकीवर नाव होतं आणि त्या भांडत नव्हत्या.

तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून रंजनबेनचा आवाज आला. "बा म्हणतेय, सगळी वर आणा."

तेरा पातेली चौथ्या मजल्यावर गेली. बा पलंगावर मांडी घालून बसली होती. तिनं एकेका पातेल्यातला थेंब करंगळीवर घेतला आणि जिभेला लावला. "हा मधुचा. साखर नेहमी दोन मुठी कमी. हा धनसुखच्या बायकोचा, कैरी किसताना कोय लागलीय. हा शारदाचा, हिनं मीठ आधीच टाकलंय, किती वेळा सांगितलं तुला." बारा बायका खाली माना घालून आपापली पातेली उचलत होत्या. एकीनंही वाद घातला नाही. जाताना प्रत्येकीनं विचारलं, "बा, किती दिवस लागतील अजून?" आणि बानं प्रत्येकीला वेगळा आकडा सांगितला. त्या दिवशी बाच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते किरीटभाईंना चुन्याचं वाटलं. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, प्रकृतीत सुधारणा, गच्चीचा गुण दिसू लागला.

गुरुवारी गच्ची उघडली आणि पातेली वर गेली. किरीटभाई आता राखणीतून मोकळे झाले, आणि त्यांचा सगळा मोकळा वेळ बाच्या वाट्याला आला. दर तासाला पेला पुढे करायचा, दर तासाला नळी तपासायची, पलंगाशेजारी खुर्ची टाकून नोंदवही मांडीवर घेऊन बसायचं. शुक्रवारी दुपारी बाचा तोल गेला.

"किरीट, मी काय औषधाची बाटली आहे?"

"बा, तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"मग बाहेर बस. तुझा तो आकडा बाहेर दिसतो ना भिंतीवर? माणूस समोर बसून बघत असला की मला झोप लागत नाही. दार लोटून घे."

किरीटभाई बाहेर बसले. आणि काय सांगावं, त्याच दुपारी तीन वाजता भिंतीवरच्या डबीत सत्तावीस अंश दिसले. त्यांनी चष्मा पुसला. सत्तावीसच. एक्केचाळिसावरून सत्तावीस, म्हणजे चौदा अंश उतार. शनिवारी पुन्हा सत्तावीस. नोंदवहीत दोन्ही आकड्यांखाली त्यांनी लाल रेघ ओढली. रंजनबेन म्हणाल्या, "मला तर बाच्या खोलीत तसं काही गार वाटत नाही हो," पण रंजनबेननी शीतगृहात नोकरी केलेली नव्हती.

बातमी सोसायटीच्या फळ्यावर लागली. ज्या सोसायटीनं आठ दिवसांपूर्वी त्यांना हसून घेतलं होतं तीच आता जिन्यात थांबवून विचारू लागली की चुन्यात काय घातलं होतं. धनसुखभाईंनी सत्काराचा ठराव मांडला. रविवारी, किरीटभाईंच्याच घरी, आणि वेळ दुपारी तीन, कारण ऐन उन्हात लोकांनी डोळ्यांनी बघावं असा किरीटभाईंचा आग्रह होता. रविवारी डॉक्टर ओझा आले, मधुकांताबेन आल्या, धनसुखभाई शाल घेऊन आले. शाल लोकरीची होती, कारण सोसायटीचे सत्कार एरवी जानेवारीत होतात. किरीटभाई ती खांद्यावर घेऊन पुरस्कार घ्यायला उभं केल्यासारखे ताठ उभे राहिले आणि घामानं निथळत म्हणाले, "एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली..."

"बाटली राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "खोली दाखवा."

भिंतीवर सव्वीस पूर्णांक आठ. किरीटभाईंनी मोठ्या अदबीनं बाच्या खोलीचं दार उघडलं. आतून गरम वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली.

डॉक्टरांनी रुमालानं मान पुसली. "हे सत्तावीस असेल तर मला ताप आहे."

किरीटभाईंनी वायर धरली आणि तिच्यामागून गेले. वायर खिडकीच्या कडेनं गेली होती, कपाटामागून गेली होती आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठात उतरली होती. झाकण नीट बसावं म्हणून त्याखाली फडक्याची घडीसुद्धा ठेवलेली होती. मधुकांताबेन हसणार होत्या, पण त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. पलंग रिकामा होता. बाच्या खोलीला जिन्यात उघडणारं एक जुनं दार आहे, ते अर्धवट उघडं होतं. आणि जिना चौदा पायऱ्या चढून गच्चीवर जातो.

तेव्हा किरीटभाईंना मुंग्या आठवल्या. पहिल्या मंगळवारच्या, पदराला लागलेल्या मुंग्या. खोलीनं बाला भाजलंच नव्हतं. त्या दिवशीही ती भर दुपारी वर जाऊन, पातेलं हलवून, कशीबशी खोलीपर्यंत परत आली होती.

चौदा पायऱ्या ते अनवाणी कसे चढले ते त्यांनाही आठवत नाही. गच्चीवर डोळे उघडवत नव्हते. पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत बा बसली होती, एक हात पातेल्याच्या मलमलीवर, मान छातीवर पडलेली. "बा," त्यांनी हाक मारली. "बा." तिनं मान वर केली नाही. किरीटभाईंनी तिला उचललं. बा इतकी हलकी केव्हा झाली, हे त्यांच्या नोंदवहीत कुठेच नव्हतं. एकसष्ट वर्षांचा तो माणूस रडत रडत जिना उतरला.

खाली मात्र सगळ्यांनी हात लावला. मधुकांताबेननी पलंगावरची चादर ओढून माठात बुडवली आणि बाला लपेटली. डॉक्टरांनी माठातलं पाणी मानेवर, काखेत, कपाळावर सोडलं. रंजनबेननी गाडी बोलावली. धनसुखभाई सत्काराची शाल दोन्ही हातांनी फडकावून वारा घालत राहिले आणि गाडी येईपर्यंत थांबले नाहीत. बाला बेशुद्धीत पाणी पाजायला निघालेल्या एका शेजाऱ्याचा हात डॉक्टरांनी वरच्यावर धरला. माठात ती नळी तशीच होती, आणि माठ रिकामा होत गेला तसा भिंतीवरचा आकडा चढत गेला. शेवटी खोलीचं खरं तापमान दिसलं, साडेछत्तीस. म्हणजे चुन्यानं साडेचार अंश उतरवले होते, अगदी वाचल्याप्रमाणे. पण ते त्या दिवशी कोणी बघितलं नाही, किरीटभाईंनीही नाही.

इस्पितळात दोन रात्री सलाइन लागलं. पहिल्या दिवशी बा मोतीभाईशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिनं रंजनबेनला विचारलं की पातेलं खाली आणलं का, आणि डॉक्टर म्हणाले की आता घरी न्यायला हरकत नाही.

घरी आल्यावर किरीटभाई खुर्ची ओढून पलंगाशी बसले. नोंदवही त्यांनी आणली नव्हती. ओरडायचं असं त्यांनी ठरवलं होतं, वाक्यंही तयार होती.

"बा, एका पातेल्यासाठी? रंजन वर जात होती की सकाळ-संध्याकाळ. मी गेलो असतो."

"दुपारी एकदा हलवावा लागतो. नाहीतर वरचा आणि खालचा एकमेकांना ओळखत नाहीत."

"मग सांगायचं मला. माठात नळी घालून मला फसवायचं? लोकांपुढे माझं हसं झालं, त्याचं जाऊ दे. तू मेली असतीस."

बानं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "या घरात माझ्यावाचून काय अडतं रे? चहा अडत नाही. स्वयंपाक रंजन माझ्याहून बरा करते. वर्षातले हे पंधरा-वीस दिवस तेवढे बायका दारात येतात आणि विचारतात, बा, झाला का? तू मला गार जागी ठेवून दार लावायला निघालास. बाटलीला कोणी काही विचारतं का, किरीट?"

किरीटभाईंना आपलं शीतगृह आठवलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी शीतगृहात एक यंत्र बसलं होतं, आकडा स्वतःच मोजणारं आणि स्वतःच लिहिणारं. तीन वर्षांत तिथून त्यांना एकदाही फोन आला नव्हता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं; एकही बाटली नासली नाही, एवढंच ते सांगत फिरत होते. त्यांनी बाचा हात हातात घेतला. तो थोडा चिकट होता; घरी येताच तिनं छुंद्याचा थेंब मागवून बघितला होता.

"वर मी जाईन," ते म्हणाले. "तू इथून सांग. पण तार तू बघायची. मला त्यातलं कळत नाही."

"तुला काहीच कळत नाही," बा म्हणाली, आणि तिला बरं वाटल्याचं ते पहिलं लक्षण होतं.

दुसऱ्या दिवसापासून किरीटभाई सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला वर जाऊ लागले. दुपारचं हलवणं डोक्यावर ओला पंचा टाकून दोन मिनिटांत उरकायचं, असं डॉक्टरांना विचारून ठरलं. पांढऱ्या गच्चीवर अनवाणी चाललं तरी पाय भाजत नाहीत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. चमचाभर छुंदा वाटीत घेऊन ते खाली यायचे. बा वाळा घातलेल्या पाण्याचा पेला आधी संपवायची, कारण पेला संपल्याशिवाय वाटी द्यायची नाही असा नवा दंडक होता. मग ती थेंब अंगठा आणि बोटामध्ये धरून ताणायची. "एक तार. अजून नाही." अकरा वाजता बाकीच्या बाराही घरांतून वाट्या यायच्या, आणि खोलीबाहेर डॉक्टर ओझांच्या दवाखान्यापेक्षा मोठी रांग लागायची. भूपतराय शेजारच्या इमारतीतून काळा चष्मा लावून एक वाटी घेऊन आले, तेव्हा बानं त्यांनाही रांगेत उभं केलं.

नोंदवहीत किरीटभाईंनी एक रकाना वाढवला होता. वेळ, तापमान, पाण्याचे पेले, तार. आणि शेवटी, शीतगृहातल्या वहीत असायचा तसा, वरिष्ठांची सही. तिथे एकतीस वर्षं साहेब सही करायचे, तीही न वाचता. बानं आधी चष्मा मागितला, पूर्ण ओळ किरीटकडून वाचून घेतली, पेल्यांचा आकडा एकानं खोटा आहे असं सांगून तो दुरुस्त करायला लावला, आणि मग तार बघून झालेला अंगठा तसाच रकान्यात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली तर बाच्या सहीवर मुंग्या बसल्या होत्या. किरीटभाईंनी फुंकर मारायला तोंड पुढे नेलं आणि थांबले. मग वही तशीच उघडी ठेवून, मुंग्यांचं आटपेपर्यंत ते हातात पेन धरून बसून राहिले.